चेंडूच्या मापाची कडी

पास दादाच्या खाकी कोटाच्या आतल्या खिशात होता. आसनगाव ते नागपूर, तिसरा वर्ग, एक अविवाहित बहीण. किती तारखेपर्यंत चालेल तेही त्यावर लिहिलेलं होतं. दादा कोट खुंटीला अडकवायचा तेव्हा माझी नजर आधी त्या खिशाकडे जायची.

दादा आसनगाव स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा पॉइंटमन होता. बाबा गेले आणि त्यांच्या जागी तो रेल्वेत लागला, त्याच वर्षी मी सातवीनंतर शाळा सोडली. शाळा सोडल्याचं दुःख मला त्या वेळी फारसं झालं नाही, खोटं कशाला बोलू. नागपुरात आमच्या रेल्वे कॉलनीच्या मागे इन्स्टिट्यूटचं मैदान होतं आणि त्यावर बास्केटबॉलचे दोन खांब होते. तिथं एक अँग्लो-इंडियन बाई कॉलनीतल्या मुलींना शिकवायची. नवव्या वर्षापासून मी तिच्या हाताखाली होते. शाळा सुटली, पण मैदान सुटलं नाही. मग वहिनीचं बाळंतपण आलं म्हणून आईनं मला इकडे आसनगावला पाठवलं, आणि मैदानही सुटलं. बाळ तीन महिन्यांचं झालं. क्वार्टर एका खोलीचं. आता मी परत जायचं आणि आई दाखवील त्या मुलाला चहा द्यायचा, हे ठरल्यासारखंच होतं.

"अवं, पास काढला म्हणजे काय हाकलून देऊन राह्यलो का आमी तुले?" वहिनी म्हणायची.

"नाई वं," मी म्हणायची. पण रात्री बाळाला थोपटताना तळहाताला चेंडूची आठवण यायची. हे कोणाला सांगणार? वेडी म्हटलं असतं.

आणि एके दिवशी दादा ड्युटीवरून आला तो दारातूनच बोलला, "ऐक वं. स्टेशनच्या फळ्यावर कागद लावला. शहापूरच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात मुलीयले बास्केटबॉल शिकवाले मास्तर नाईतर बाई पायजे."

मी हातातलं पीठ तसंच ठेवून स्टेशनवर पळाले. कागद शाईनं लिहिलेला, अक्षर मोत्यासारखं. खेळ चांगला येत असावा, होस्टेलात राहण्याची तयारी असावी, एवढंच होतं. मी तो तीनदा वाचला. शिक्षण किती पाहिजे ते कुठंच लिहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी वाटायचं, ती ओळ मला दिसत नाहीये, दुसऱ्याला दिसत असेल. जवळच्या हमालाला विचारलं, "भाऊ, यात मॅट्रिक असं कुठं लिहिलंय का हो?"

"माला वाचता येत नाय गो," तो म्हणाला, "पन तू म्हनतेस तं नसंलच."

त्याचं बोलणं मी शुभशकुन समजले.

मुलाखतीच्या दिवशी दादानं टांगा करून दिला. दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळं झालेलं, काही ठिकाणी कापणीला हात लागलेला. माझ्या पिशवीत सातवीचा दाखला आणि वहिनीनं बांधून दिलेल्या दशम्या. दाखला बाहेर काढायची वेळ येऊ नये, म्हणून तो दशम्यांच्या खाली.

कॉलेज म्हणजे कौलारू लांबट इमारत. दोन वर्षांचा कोर्स करून प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायला आलेल्या साठेक मुली. शहापूर, मुरबाड, किन्हवली, वाशिंद, अशा सगळ्या आसपासच्या. इमारतीच्या मागे मैदान होतं. ते खळ्यासारखं चोपून टणक केलेलं. आणि दोन टोकांना सागाचे दोन खांब! फळ्या, फळ्यांना लोखंडी कड्या. आठ महिन्यांनी मी ते पाहत होते. पाय आपोआप तिकडे वळले.

खांबांना दसऱ्याच्या झेंडूचे हार तसेच होते, सुकलेले. कडीला हळदकुंकू लावलेलं. फळीवर ठळक अक्षरांत 'कै.' लिहून कोणाचं तरी नाव, आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. मी खालून नमस्कार केला. मनात म्हटलं, तुम्ही कोण ते माहीत नाही, पण आज मला सांभाळा.

ते कोण, हे पुढच्या दहा मिनिटांत कळलं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचे वडील. अध्यक्ष म्हणजे गावातल्या भातगिरणीचे मालक. सगळे त्यांना शेट म्हणत. पांढरी टोपी, कोटावर भाताचा कोंडा. ते मैदानाकडेच्या खुर्चीवर बसले होते आणि शेजारी प्राचार्यबाई. बाई बारीक, चष्मा लावणाऱ्या, कागदावरचं मोत्यासारखं अक्षर त्यांचंच.

आम्ही तिघं आलो होतो. कल्याणचे एक ड्रिलमास्तर, खाकी अर्धी पँट, गळ्यात शिट्टी, हातात सर्टिफिकिटांची फाइल. मुंबईची एक पदवीधर मुलगी, पांढरे कॅनव्हासचे बूट, कॉलेजच्या संघातून खेळलेली. आणि मी. पाचवारी पातळ, पायात काही नाही.

प्राचार्यबाई म्हणाल्या, "आमच्याकडे तोंडी मुलाखत नाही. इथं मुली रोज शाळेत पाठ देतात आणि बाकीच्या मागे बसून निरीक्षण लिहितात. तुम्हीही तसाच पाठ द्यायचा. अर्ध्या मुली खेळतील, अर्ध्या वह्या घेऊन बसतील. त्यांनी लिहिलेलं मी वाचीन."

ड्रिलमास्तर हसले. मुंबईच्या मुलीनं मान डोलावली. मला एवढंच समजलं की माझा निकाल मुलींच्या हातात आहे, आणि ह्या मुली माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या आहेत.

आधी ड्रिलमास्तर. त्यांनी मुलींना उंचीनं उभं केलं, शिट्टी मारली, एक-दोन, एक-दोन, वळा, मागे वळा. वीस मिनिटांत चेंडूला हात लागला तो एकदाच, तो बाजूला ठेवायला. शेट खुशीत. "शिस्त पायजे, शिस्त!" ते प्राचार्यबाईंना म्हणाले.

मग मुंबईची. ती काय सुंदर चेंडू पळवायची! उजव्या हातानं, डाव्या हातानं, मध्येच पायांखालून. मी सगळं विसरून बघत बसले. मुलींचे डोळे मोठे झालेले. मग तिनं खांबाजवळ जाऊन उडी मारून चेंडू फेकला. कडीच्या काठाला लागून बाहेर. पुन्हा फेकला. बाहेर. तिसऱ्यांदा दोन्ही काठांना लागला आणि उडून शेटच्या खुर्चीखाली गेला. तिनं चेंडू दाबून पाहिला, "हवा कमी आहे यात," म्हणाली, आणि पास द्यायला शिकवू लागली. तेही चांगलंच शिकवलं. मी मनात पास काढून हातात घेतला. नागपूरचा.

मग माझं नाव पुकारलं.

पदर खोचला. काय बोलायचं ते काही सुचेना. समोरच्या झाडाखाली तीस मुली, गुडघ्यावर वह्या, पेन्सिली उगारलेल्या. मला वाटलं, बोलण्यापेक्षा टाकून दाखवू. कडीसमोरच्या फ्री-थ्रोच्या रेघेवरून, जिथून टाकलेला चेंडू माझा दहातून नऊदा तरी जायचा, तिथून मी फेकला.

टण्! बाहेर.

पुन्हा. टण्, टण्! बाहेर.

माझे कान तापले. तिसरा फेकला, तोही गेला नाही. झाडाखाली पेन्सिली चालू लागल्या. वाटलं, जमीन फाटावी.

तेवढ्यात चेंडू आणून देणारी एक मुलगी, काळीसावळी, मजबूत मनगटांची, हातावर कापणीचे ओरखडे, हळूच म्हणाली, "बाई, मनाला लावून घेऊ नका. जात नाय तो."

"जात नाही म्हणजे?"

"कोनाचाच जात नाय. आदीचे मास्तर होते त्यांचाबी नाय. ते सांगायचे, तुमी भात खाऊन खाऊन हात मऊ केलेत."

"कधीच नाही गेला? एकदासुद्धा?"

"एकदा आडकलेला," ती म्हणाली. "मंग बांबूनं पाडला."

सगळ्या खेळणाऱ्या मुली फिसकन हसल्या. आणि मी वर पाहिलं. वास्तविक हे मी आधीच करायला पाहिजे होतं. आमची नागपूरची बाई चेंडू हुकला की आधी आमचा हात बघायची, मग पाय, मग चेंडू, मग खांब. बोलायची ती सगळ्यात शेवटी. मी मात्र हळदकुंकू पाहून नमस्कार केला होता, कडी पाहिलीच नव्हती.

"शिडी आहे का गं?" मी विचारलं.

कौलं शाकारायची शिडी मागच्या पडवीत होती. दोघी धावत घेऊन आल्या. मी वर चढले. चेंडू दोन्ही हातांनी धरून मी कडीवर ठेवला.

तो तिथंच बसला. कलशावर नारळ बसावा तसा, नीट, घट्ट. खाली गेलाच नाही.

पहिल्यांदा एक मुलगी हसली, मग चार, मग सगळ्या. मीसुद्धा हसले, हसता हसता शिडीवरून बोलून गेले, "अवं, कडी लहान आहे! हिच्यात दोन चेंडू बाजूबाजूनं जवळजवळ मावायला पाहिजेत!"

मग माझी नजर फळीवरच्या 'कै.' कडे गेली. हसू तिथंच थांबलं.

शेट उठून उभे राहिले होते.

"खाली उतर," ते म्हणाले.

मी उतरले. पायऱ्या मोजत उतरले असं आठवतं.

"ही कडी माझ्या वडलांच्या नावाची हाय. मी सोता चेंडू लोहाराकडं नेऊन माप दिलं. चेंडूच्या मापाची केली त्यानं. बरोबर चेंडूच्या मापाची!" त्यांनी एका मुलीकडून बांबू घेतला आणि वरून चेंडूवर दाबला. चेंडू खाली पडला. "बघ. गेला की नाय? मग लहान कशी?"

"जातो," मी म्हणाले. "पण दाबून जातो. फेकून नाही जाणार. ह्या मुलींची चूक नाही, एवढंच."

"लोहाराला बोलवा!"

लोहार जवळच राहायचा. आला. झालेलं ऐकलं, कडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"शेट, तुमी चेंडू दावलात, मी त्याच्या अंगाबरोबर केली," तो म्हणाला. "आता ही सांगते ती मोठी कराया. मोठ्या भोकात तं कोनपन टाकंल! त्यात कसला खेळ?"

त्याच्या दृष्टीनं त्याचं बरोबरच होतं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव सैल बसवणारा लोहार आमच्याकडेही कोणी ठेवला नसता.

चहाच्या वेळी प्राचार्यबाई निरीक्षणाच्या वह्या घेऊन बसल्या. आम्हा तिघांसमोर, शेटसमोर, मोठ्यानं वाचू लागल्या. पाठाचे टप्पे त्या मुलींना पाठ असायचे: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, शेवटी गृहपाठ. ड्रिलमास्तरांना 'शिस्त उत्तम, परंतु विषय आला नाही' असं होतं. मुंबईच्या मुलीला 'विषयज्ञान अतिशय चांगले, गती जास्त'. मग माझा पाठ. 'प्रस्तावना नाही.' 'हेतुकथन नाही.' 'फलकलेखन नाही.' एकीनं लिहिलं होतं, 'शिक्षिकेने पाठ चालू असताना शिडीचा उपयोग केला. साहित्य म्हणून योग्य.' शेटना खोकला आला. तो हसण्याचा होता की रागाचा, मला कळलं नाही.

शेवटची वही त्या मजबूत मनगटाच्या मुलीची. ती मुरबाडच्या बाजूची. खेळून मग तिनं घाईघाईत लिहिलं होतं. 'बाईंचा चेंडू गेला नाही. बाईंनी आम्हाला विचारले. दीड वर्षात कोणी विचारले नव्हते.' एवढंच.

प्राचार्यबाईंनी वही मिटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी कपात बघत राहिले.

"शिक्षण किती?" शेटनी विचारलं.

आला तो प्रश्न. दशम्यांच्या खालून दाखला काढला. त्याला तुपाचा डाग पडला होता.

"सातवी," शेट म्हणाले. "सातवीची बाई कॉलेजात शिकवणार?"

"बेरीज-वजाबाकी नाही शिकवायची तिला," प्राचार्यबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांना होस्टेलात राहणारी बाईच पाहिजे होती. मुंबईच्या मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं की ती रोज मुंबईहून ये-जा करील, राहणार नाही. शेटचा ओढा ड्रिलमास्तरांकडे. अर्धा तास नुसतीच ओढाताण. शेवटी प्राचार्यबाई म्हणाल्या, "बारा दिवसांनी मुरबाडला कल्याणच्या कॉलेजबरोबर आपला सामना आहे. तिथल्या शाळेत मुंबईहून आणलेल्या कड्या आहेत. ह्या मुलीला बारा दिवस द्या. कडी लहान की मोठी, ते तिथं कळेल. ती चुकली असेल, तर मास्तरांना बोलवू."

"चालेल," शेट म्हणाले. "पन तवर माझ्या कडीला हात लावायचा नाय."

मी घरी आले ती जवळजवळ उडतच. दादानं कोटातून पास काढून पाहिला. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची मुदत संपत होती.

"ठेवतो तसाच," तो म्हणाला. "काय सांगता येते."

ते बारा दिवस! एवढी घाबरलेली आणि एवढी आनंदात मी नंतर कधीच नव्हते. पहाटे उठून आसनगावहून चालत मुलींच्या आधी मैदानावर. मुली नऊवारीसारखा काष्टा मारून यायच्या. धावण्यात त्यांना काही शिकवायला नको होतं. डोंगरातून दोन-दोन कोस पाण्याला गेलेल्या मुली त्या. दमणं म्हणजे काय ते त्यांनाच माझ्याकडून विचारून घ्यावं लागलं असतं. प्रश्न एकच, ती चेंडूच्या मापाची कडी. हात लावायचा नाही.

मग माझ्या डोक्यात आलं. तिरपा चेंडू काठाला लागणारच. पण चेंडू पार वर गेला आणि सरळ उभा, जोरानं खाली आला तर? मैदानाच्या कडेला एक उंच आंबा होता. मी म्हटलं, "कडीकडं बघूच नका. त्या शेंड्याकडं बघून फेका. कडी आपोआप खाली येते."

"कडी खाली येते कशी वो, बाई?"

"तू फेक ना पोट्टे!"

माझं बोलणं ऐकून त्यांना भारी मजा वाटायची. मी सवयीनं 'का' ऐवजी 'काहून' म्हटलं की मागून चार जणी 'काहून! काहून!' असा कोरस धरायच्या. मी रागावले की आणखी. मला बरं वाटायचं. घरापासून इतक्या लांब माझी बोली कोणाच्या तरी तोंडी होती, मग ती चेष्टेत का असेना.

तीन दिवस शेंड्याकडे बघून फेकणं. चेंडू कौलांवर, विहिरीजवळ, एकदा स्वयंपाकघरात डाळीच्या पातेल्याशेजारी. चौथ्या दिवशी कडीला वरून लागायला लागला. सहाव्या दिवशी अडकला. टाळ्या! बांबूनं पाडला. आठव्या दिवशी संध्याकाळी त्या मुरबाडच्या मुलीनं फेकला. चेंडू वर गेला, किती वर, मला वाटलं येतच नाही. मग आला. सरळ. कडीत जोरानं घुसून आतून खाली. फट्!

ती मुलगी तशीच हात वर करून उभी.

"गेला?" तिनं विचारलं.

"गेला!" मी ओरडले. आणि मग साठ मुलींनी जो आरडाओरडा केला! स्वयंपाकीण लाटणं घेऊन बाहेर आली, तिला वाटलं साप निघाला. प्राचार्यबाईही आल्या. त्या मुलीला पुन्हा टाकायला सांगितलं. नाही गेला. पुन्हा. गेला! दहाव्या दिवशी चौघींचा जायला लागला होता, पाचातून एखाददुसरा. पण जात होता.

इथंच माझ्याकडून चूक झाली. मी त्या फट् आवाजाच्या इतकी नादी लागले की बाकीचं मागे पडलं. चेंडू धरून दोन पावलांच्यावर चालायचं नाही, दोन्ही हातांनी आपटायचा नाही, समोरच्या मुलीला ढकलायचं नाही, हे सगळं मी सांगितलं होतं. सांगितलं होतं, पण सरावात पक्कं केलं नव्हतं. सांगणं आणि शिकवणं यातला फरक मला त्या वेळी कळत नव्हता. आमच्या नागपूरच्या बाईला कळत होता.

सामन्याच्या दिवशी मुरबाडला गेलो ते शेटच्या गिरणीच्या ट्रकमधून. खाली तांदळाची पोती, वर आम्ही. शेट पुढं ड्रायव्हरशेजारी. मुली गाणी म्हणत होत्या आणि मी पोत्याची शिवण घट्ट धरून बसले होते. उद्या पासाची मुदत संपते. उद्या. वाटेत मुरबाडच्या त्या मुलीनं हात करून आपलं गाव दाखवलं. शेताच्या बांधावर तिचे आईवडील विळे घेऊन उभे, आमचा ट्रक बघत. ती उभी राहून ओरडली, "आये! मी खेळाया चाललेय!" आई विळा हलवत राहिली, ट्रक वळेपर्यंत.

शाळेच्या मैदानावर पोचलो. मुलींनी वर पाहिलं आणि सगळ्या जागच्या जागी थांबल्या.

"बाई," मुरबाडची म्हणाली, "ही कडी नाय, ही तं विहीर हाय!"

खरंच, मलाही तसंच वाटलं. बारा दिवसांत माझेही डोळे बारक्या कडीला सरावले होते. मी शेटकडे पाहिलं. ते कडीखाली जाऊन, टोपी मागं सरकवून, किती तरी वेळ वर बघत उभे होते.

कल्याणच्या मुली चपळ, आखूड स्कर्ट, पायात बूट. आमच्या काष्ट्यांकडे बघून त्यांच्यातली एक काहीतरी म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. शिट्टी झाली. पहिल्याच मिनिटात आमच्या वाशिंदच्या मुलीच्या हाती चेंडू आला. तिनं शेंडा शोधला. आंबा नव्हता, शाळेच्या झेंड्याची काठी होती. तिच्याकडे बघून तिनं फेकला. अर्ध्या मैदानावरून. सरळ विहिरीत!

कल्याणच्या मुली हसायच्या थांबल्या.

मग काय सांगू. आमच्या मुलींच्या हातून सुटलेला चेंडू हुकतच नव्हता. जिथून फेकावा तिथून जात होता. प्रेक्षकांत बाजाराला आलेली माणसं होती, त्यांना खेळाचं काही माहीत नव्हतं, पण चेंडू आत गेला की तेही ओरडायचे. शेट आधी खुर्चीत बसले होते, मग उभे राहिले, मग रेघेच्या कडेकडेनं धावू लागले, टोपी मांडीवर आपटत. "टाक गो! टाक! फेक तिथनंच!"

पण शिट्टी आमच्यावरच वाजत होती. चेंडू हातात आला की आमची मुलगी घट्ट छातीशी धरून पाच पावलं पळायची. शिट्टी. अडवायला गेली की समोरचीला खांद्यानं बाजूला करायची, पाण्याच्या रांगेत करतात तसं. शिट्टी. दर वेळी चेंडू कल्याणकडे. माझी पोरगी माझ्याकडे बघायची, "काहून, बाई?" आणि मी रेघेबाहेरून काय सांगणार? तिथं सांगून उपयोग नव्हता.

शेवटी आम्ही एका बास्केटनं हरलो. एकाच.

मुली रडायला लागल्या. मी मुरबाडच्या मुलीला जवळ घेतलं, पण मला स्वतःलाच कोणी जवळ घ्यायला हवं होतं. शेट आले. घामानं डबडबलेले, टोपी हातात.

"हरलो कसे?" ते माझ्या अंगावरच आले. "सांग मला! पोरींचा एक चेंडू हुकला नाय! एक नाय! मग हरलो कसे?"

आता बोललं नाही तर मुलींवर जाईल, असं मला वाटलं. बोललं तर माझ्यावर. "नियम," मी म्हणाले. "धरून चालल्या, ढकललं. ते मी नीट शिकवलं नाही. फेकण्याच्या नादात राहिलं. चूक माझी आहे, मुलींची नाही."

"मग शिकव ना!" शेट ओरडले. "उभी काय राहिलीस? हा हरलेला सामना असाच सोडायचा का? किती दिवस लागतील?"

"चार... चार महिने," मी कसंबसं म्हणाले.

प्राचार्यबाईंनी चष्मा पुसला. "शेट, म्हणजे नेमणूक समजायची का?"

शेटनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वर त्या मोठ्या कडीकडे पाहिलं. "एका खांबाला असली मोठी लावून घेतो," ते म्हणाले. "वडलांची तिथंच राहू द्या. तिच्यावर शिकल्यात पोरी." आणि ट्रककडे चालू लागले. थोडं जाऊन वळले, "आनि सातवीचं काय ते तुमी बघा, बाई. मला इचारू नका."

"मी कागदावर अट लिहिलीच नव्हती," प्राचार्यबाई म्हणाल्या. ती लिहायची राहिली होती की त्यांनी मुद्दाम सोडली होती, हे मी त्यांना विचारलं नाही. पुढं त्यांनीच मला रोज संध्याकाळी शिकवून मॅट्रिकला बसवलं, तेव्हाही विचारलं नाही. काही उपकारांचा तळ शोधू नये असं मला वाटतं.

परतताना ट्रकमध्ये रडणं कधी संपलं आणि गाणी कधी सुरू झाली ते कळलं नाही. शहापूरला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. कॉलेजच्या फाटकाशी दादा उभा होता. शेजारी टांगा, टांग्यात माझी पत्र्याची ट्रंक. वहिनीनं भरून दिलेली. पास संपायच्या आत गाडी गाठायची म्हणून तो न सांगताच घेऊन आला होता.

"जितल्या का?" त्यानं विचारलं.

"हरलो."

त्याचा चेहरा पडला. त्यानं टांग्यावर पाय ठेवला. "चाल मंग. सकाळची गाडी आहे."

"दादा, ट्रंक उतरव," मी म्हणाले. "होस्टेलात न्यायची आहे."

"काहून?" दादा म्हणाला.

ट्रकवरच्या पोत्यांवरून सगळ्या मुली एकदम ओरडल्या, "काहून! काहून! काहून!" दादा बावचळून कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत राहिला, आणि मुरबाडची ती मुलगी खाली उडी मारून माझी ट्रंक डोक्यावर घेऊन आत चालूसुद्धा लागली होती.